माळावरचें गांव : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून मिरजेस जाणारी गाडी कराड मागें टाकून कृष्णाकांठच्या मुलखांत शिरली म्हणजे कांहीं वेळानें किर्लोस्करवाडी नांवाचें एक स्टेशन लागतें. या स्टेशनाचें पहिलें नांव कुंडल रोड. जवळचें कुंडल गांव जुनें, आणि स्टेशन त्याच्याच नांवानें ओळखलें जात असे. पुढें हें नांव बदललें. रेल्वेच्या पाट्यांवर साधारणतः जुनीं गांवें, देवस्थानें, फार तर एखादा लाटसाहेब चढतो. नांगर करून विकणाऱ्या माणसाचें आडनांव तेथें जाऊन बसावें ही गोष्ट विरळाच. १९१० पूर्वीं या जागीं गांव नव्हतें, वाडीहि नव्हती. होता तो निवडुंगाचा माळ आणि त्यांत नागांची वस्ती. या माळावर ज्यांनीं एक कारखाना आणि त्याच्याच जोडीनें एक गांव वसविलें, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र उद्योगपतीचें चरित्र म्हणून पुष्कळदां सांगितलें जातें. तें तसें आहेच. परंतु गांव वसविणाऱ्याचें चरित्र म्हणूनहि तें वाचलें पाहिजे. कारण गिऱ्हाईक खेडुत, कामगार खेडुत आणि जागा उजाड, अशा स्थितींत धंदा आणि गांवकी या दोन गोष्टी त्यांना एकमेकींपासून वेगळ्या काढतांच आल्या नाहींत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेंहि हेंच गांव. एकाच लहानशा गांवानें महाराष्ट्राला 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारा नाटककार आणि लोखंड वितळविणारा कारखानदार असे दोघे द्यावेत, हा योगायोग मौजेचा खरा. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलानें चार बुकें शिकून सरकारी नोकरी धरावी ही त्या काळची मळलेली वाट. पण लक्ष्मणाचें मन पुस्तकांत रमेना, तें चित्रांत आणि यंत्रांत रमे. थोरले बंधु रामुअण्णा यांच्या आधारावर १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें दाखल झाले. दोन वर्षें चित्रकला शिकल्यावर असें आढळून आलें कीं, त्यांच्या डोळ्यांना कांहीं रंगांतला फरकच कळत नाहीं. चित्रकार होण्याची आशा तेथेंच संपली. रंगांवांचून ज्यांत भागतें अशी विद्या त्यांनीं मग शोधून काढली, ती यंत्रांच्या रेखाकृतींची. आणि नव्यानेंच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते तोच विषय शिकवूंहि लागले.

शिक्षकाची ही नोकरी कांहीं वर्षें चालली. बढतीची वेळ आली तेव्हां त्यांचा हक्क डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती जागा देण्यांत आली, आणि १८९७ सालीं लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला. असा अपमान त्या काळीं शेंकडों सुशिक्षितांच्या वाट्यास येई, आणि बहुतेक जण तो गिळून पेन्शनीची वाट पाहत. लक्ष्मणरावांना तसें करावें लागलें नाहीं, याचें अर्धें श्रेय रामुअण्णांना दिलें पाहिजे. १८८८ पासून या दोघां भावांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलेलें होतें. लक्ष्मणराव मुंबईंत सायकली खरेदी करून पाठवीत आणि रामुअण्णा त्या बेळगांवास विकीत. ७०० पासून १००० रुपयांपर्यंत एकेका सायकलीची किंमत. तेव्हां सायकल हें वकील-डॉक्टरांचें आणि हौशी अंमलदारांचें वाहन होतें. तीवर बसायला शिकविण्याचे १५ रुपये निराळे. नोकरी सोडतांना पायांखालीं इतकी तरी जमीन होती.

परंतु सायकल ही दुसऱ्यानें केलेली वस्तु. लक्ष्मणरावांची ओढ वस्तु विकण्यापेक्षां ती घडविण्याकडे. बेळगांवास आल्यावर त्यांनीं प्रथम कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं आणि मग ते लोखंडी नांगराकडे वळले. येथें त्यांची गांठ पडली ती हिंदुस्थानच्या शेतकऱ्याशीं.

त्या वेळचा आपला नांगर म्हणजे गांवच्या सुतारानें तासलेलें बाभळीचें लांकूड आणि त्याला गांवच्या लोहारानें बसविलेला फाळ. तो जमीन फाडतो, पण उलथीत नाहीं. लोखंडी नांगराला फाळाच्या मागें वांकडा पंख असतो. त्यामुळें मातीची ढेप उचलली जाऊन पालथी पडते, तण मुळासकट वर येतें किंवा खालीं गाडलें जातें. काळ्या रानांत हरळी आणि कुंदा माजले म्हणजे शेतकरी कसा हवालदील होतो हें ज्याला ठाऊक आहे, त्याला या पंखाचें मोल निराळें सांगावयास नको. तरीहि लक्ष्मणरावांचे पहिले नांगर बेळगांवांत पडून राहिले. पहिलें गिऱ्हाईक मिळावयास सुमारें दोन वर्षें लागलीं म्हणतात. लोखंडानें जमिनींत विष भिनतें आणि ती नापीक होते, असा लोकांचा समज होता.

हा समज सांगून शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हंसण्याची पद्धत पडून गेली आहे. पण थोडा विचार केला तर त्याच्या संशयाला दुसरींहि कारणें दिसतात. लांकडी नांगर मोडला तर तो गांवांतच दुरुस्त होई, आणि सुतार-लोहाराचें देणें सुगीला बलुत्याच्या धान्यांत फिटे. लोखंडी नांगराला एकदम रोख पैसा मोजावा लागे. त्याचा ओतीव फाळ झिजला किंवा तडकला तर गांवच्या लोहाराच्या ऐरणीवर तो सुधारत नसे. नवाच आणावा लागे, आणि तो कोठून तर दूरच्या एका शहरांतून, रेल्वेनें. पेरणी तोंडावर आली असतां फाळासाठीं पार्सलाची वाट पाहत बसणाऱ्या शेतकऱ्याचें वर्ष बुडालें तर त्याला जबाबदार कोण? ज्याच्यापाशीं दोन बैल आणि एक पावसाळा एवढेंच भांडवल आहे, त्यानें नवी वस्तु हातीं धरण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा यांत नवल कसलें? लक्ष्मणरावांचें चातुर्य असें कीं, त्यांनीं ही अडचण ओळखली. नांगर चांगला असणें पुरें नव्हतें. तो शेतावर चालवून दाखवावयास हवा होता, त्याचे सुटे भाग जवळपास मिळावयास हवे होते, आणि करणाऱ्याचें नांव गांवोगांव माहीत असावयास हवें होतें. किर्लोस्कर नांगर पुढें महाराष्ट्राबाहेरहि गेला, तो या तिन्ही गोष्टी जमल्यावर.

धंद्याला कोठें जरा बाळसें धरूं लागलें तोंच बेळगांवच्या म्युनिसिपालिटीची नोटीस आली. शहराची वाढ होत होती. किर्लोस्करांचा कारखाना जेथें उभा होता ती जागा नव्या वस्तीसाठीं हवी होती. जागा सोडणें भाग होतें, आणि दुसरी घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. शहराला आपल्या वेशींत कारखाना नको झाला, हें या चरित्रांतलें एक लक्षांत ठेवण्यासारखें वळण आहे. बेळगांवानें त्यांना ठेवून घेतलें असतें तर किर्लोस्कर बंधु एका शहराचे प्रतिष्ठित व्यापारी झाले असते, कदाचित् त्याच म्युनिसिपालिटींत निवडूनहि आले असते. आज त्या शहरांत किर्लोस्कर रोड या नांवाचा एक रस्ता मात्र आहे.

औंधचे नवे अधिपति भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा लक्ष्मणरावांशीं आधींपासून स्नेह होता. बाळासाहेब १९०९ मध्यें गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि नव्या गोष्टींचे भोक्ते. औंध येथें एका सभामंडपाचें बांधकाम त्यांनीं लक्ष्मणरावांकडे सोंपविलें होतें. कारखान्यावर आलेलें संकट कळल्यावर त्यांनीं आपल्या संस्थानांत जागा देऊं केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. त्याचे तुकडे इंग्रजी हद्दींत इकडेतिकडे विखुरलेले होते. त्यांतल्या कुंडलच्या तुकड्यालगत रेल्वे होती, आणि ज्या धंद्याला लोखंड आणि कोळसा बाहेरून आणावयाचा त्याला रेल्वेवांचून गति नाहीं. म्हणून जागा ठरली ती कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर पडीक जमीन. पाऊस बेताचा, पाणी दूर, झाड नांवाला नाहीं.

१९१० च्या मार्च महिन्यांत किर्लोस्कर कुटुंब आणि सुमारें २५ कामगार आपल्या बायकामुलांसह या माळावर उतरले. बेळगांवच्या थंड हवेंतून आलेल्या माणसांना चैत्राच्या तोंडीं हा रखरखीत माळ कसा वाटला असेल याची कल्पनाच केलेली बरी. पहिलें काम नांगराचें नव्हतें. निवडुंग तोडण्याचें आणि नाग मारण्याचें होतें. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव तेव्हां सहा वर्षांचे होते. त्यांनीं ७२ वर्षांनंतर इंग्रजींत आत्मचरित्र लिहिलें, त्याला 'कॅक्टस अँड रोझेस' असें नांव दिलें. त्यांतला निवडुंग अलंकारिक नाहीं.

कारखाना शहरांत असला म्हणजे कामगार संध्याकाळीं आपल्या घरीं जातो. त्याच्या पाण्याची, दिव्याची, मुलाच्या शाळेची काळजी मालकानें वाहावी असें कोणी म्हणत नाहीं. माळावर हा प्रश्न टाळतां येत नव्हता. पाणी मिळालें नाहीं तर कामगार उद्यां निघून जाईल, आजारपणांत औषध मिळालें नाहीं तर त्याची बायको त्याला राहूं देणार नाहीं, मुलगा शिकला नाहीं तर चार वर्षांनीं तो कुटुंबच हलवील. गांव उभें करणें ही येथें दानधर्माची बाब नव्हती. तें केल्याखेरीज एकहि नांगर बाहेर पडला नसता. लक्ष्मणरावांच्या औदार्याची स्तुति करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या या रोखठोक हिशेबाकडे थोड्यांचें लक्ष जातें.

या गांवाचा कारभार रामुअण्णांनीं पाहिला. घरें कोठें बांधावयाचीं, रस्ता कसा न्यावयाचा, पाणी कसें वांटावयाचें, झाडें कोठें लावावयाचीं, हें सारें त्यांच्याकडे. वाडीचे ते जणुं पाटील आणि कुळकर्णी दोन्ही होते. धाकट्या भावाच्या कीर्तीखालीं त्यांचें नांव झांकून गेलें. पण म्युनिसिपालिटीनें हुसकावलेल्या कुटुंबांतल्या माणसानें उजाड माळावर स्वतः नगररचना करून दाखवावी, यांत एक गंमतीदार न्याय आहे. इतर साथीदारहि असेच अनपेक्षित. शंभोअण्णा जांभेकरांचें शिक्षण बेताचें, पण यंत्राच्या बाबतींत हात चालणारा, अनंतराव फळणीकर शाळा सोडून आलेले आणि पुढें इंजिनियर म्हणून नांवाजलेले, मंगेशराव रेगे हिशेब ठेवणारे, के. के. कुलकर्णी माल विकणारे आणि पडेल तें करणारे. पदवी पाहून निवड केली असती तर यांतला एकहि जण वाडीवर दिसला नसता.

लक्ष्मणरावांनीं अस्पृश्यतेला वाडींत थारा दिला नाहीं. ज्या काळांत आसपासच्या गांवांत पाणवठे निराळे होते त्या काळांत एका खाजगी गांवाच्या मालकानें हा नियम करणें सोपें नव्हतें. गांव सोडून जाऊं म्हणणारे निघालेच असतील. रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनीं शिक्षा भोगून आलेलीं माणसें नेमलीं. चोराच्या हातीं किल्ल्या देण्याच्या या प्रकाराला लोकांनीं वेड म्हटलें असेल, पण ज्याला दुसरें कोणीहि उभें करीत नाहीं तो विश्वास टाकणाऱ्याशीं सहसा बेइमान होत नाहीं, हें त्यांनीं ताडलें होतें. औंध संस्थानानेंच पुढें १९३९ मध्यें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराच्या कल्पनेंतून ती निघाली; १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाचें मूळ याच वसाहतींत आहे. या लहानशा संस्थानाच्या हवेंत असे प्रयोग करावयास वाव होता एवढें खास.

१९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें. परदेशी नांगर येणें थांबलें, म्हणजे बाजार मोकळा झाला. पण त्याबरोबर परदेशी लोखंड, कोळसा आणि रंगहि यावयाचे थांबले. गिऱ्हाईक दाराशीं आणि भट्टी थंड, अशी अवस्था. तेव्हां कोल्हापूरचे शाहू छत्रपति मदतीस आले. त्यांच्या संस्थानांतल्या किल्ल्यांवर निकामी होऊन पडलेल्या जुन्या तोफा त्यांनीं वितळविण्यासाठीं दिल्या. तलवारींचे नांगर करण्याची भाषा धर्मग्रंथांत आढळते. येथें तोफांचे नांगर खरोखरच झाले, आणि तेहि शांततेच्या तळमळीनें नव्हे, कच्च्या मालाच्या टंचाईनें. रंगाचीहि देशी तोड त्यांनीं वाडींतच काढली.

युद्ध संपल्यावर १९२० सालीं 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी नोंदली गेली. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याचीं यंत्रें आणि पंप आले. याच वर्षीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीं 'किर्लोस्कर खबर' नांवाचें एक पत्रक काढलें. आरंभीं हेतु साधा होता : कारखान्याची हकीकत गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळावी. पण शंकररावांच्या हातीं त्याचें रूप पालटलें. १९२९ मध्यें त्याचें 'किर्लोस्कर' मासिक झालें, १९३० मध्यें 'स्त्री' आणि १९३४ मध्यें 'मनोहर' निघालें. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत विधवाविवाहाची, बुवाबाजीच्या निषेधाची आणि विज्ञाननिष्ठेची चर्चा ज्या अंकांवरून होई, ते अंक एका नांगराच्या कारखान्याशेजारीं, कुंडलच्या माळावर छापले जात, हें पुष्कळ वाचकांच्या ध्यानांतहि येत नसे.

एवढें सगळें सांगितल्यावर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. वाडींत पगार देणारा तोच घर देणारा, आणि घर देणारा तोच गांवचे नियम करणारा. कामगाराचें मालकाशीं बिनसलें तर त्याचें काम जाई आणि छप्परहि जाई. घराण्यांतलीं माणसें समंजस होतीं, हें त्या कामगारांचें भाग्य. पण भाग्य म्हणजे हक्क नव्हे. ज्या म्युनिसिपालिटीनें लक्ष्मणरावांना उठविलें ती निदान नागरिकांपैकीं कांहींच्या मतांवर चालत होती. औंधच्या राजेसाहेबांनीं १९३९ मध्यें गांधीजींच्या सल्ल्यानें आपली सत्ता प्रजेच्या पंचायतींच्या हवालीं केली, तेव्हां तर हा भेद अधिकच उघडा पडला. वडीलधाऱ्याच्या प्रेमानें चाललेलें गांव वडीलधाऱ्याच्या पश्चात् कसें चालावें, या प्रश्नाला लक्ष्मणरावांपाशीं तयार उत्तर होतें असें दिसत नाहीं. त्यांच्या पिढींतल्या कोणत्याहि उद्योगपतीपाशीं तें नव्हतें.

शंतनुराव अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथें शिकून १९२६ सालीं परतले आणि हळूहळू कामाचा भार पुढच्या पिढीकडे गेला. १९४१ मध्यें हरिहरला यंत्रें करणारीं यंत्रें तयार होऊं लागलीं. १९४६ मध्यें पुण्यास तेलाच्या इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. घराण्याचा धंदा माळ ओलांडून गेला होता. वाडीच्या भोंवतालचा मुलूखहि पूर्वींचा राहिला नव्हता. बेचाळीसच्या चळवळींतून साताऱ्याचें प्रतिसरकार उभें राहिलें, आणि शेजारचें कुंडल हें त्याचें एक मुख्य ठाणें होतें.

३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाला. खुनी महाराष्ट्रीय ब्राह्मण होता, म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांना आणि दुकानांना आगी लागल्या. जमाव किर्लोस्करवाडीवरहि आला आणि कारखाना पेटविला गेला. ज्यानें आपल्या गांवांत जातिभेदाला बंदी केली त्याची वास्तु जातीच्या नांवानें जाळली गेली. त्या आगींत जळलें त्यांत त्याच मुलखांतल्या शेतकऱ्यांसाठीं होणाऱ्या मालाचे सांचे होते, त्याच मुलखांतल्या कामगारांचीं हत्यारें होतीं. लक्ष्मणराव त्या वेळीं ७८ वर्षांचे होते. बेळगांवाहून उठावें लागलें तेव्हां ते चाळिशींत होते आणि पाठीशीं एक राजा होता. या खेपेस औंधचें संस्थानहि शेवटच्या घटका मोजीत होतें, आणि ८ मार्च १९४८ रोजीं तें मुंबई इलाख्यांत विलीन झालें.

कारखाना पुन्हां बांधला गेला. त्याच जागीं, त्याच नांवानें. पंपांचें काम तेथें आजहि चालतें. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं वारले. त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं त्या दिवशीं, २० जून १९६९ रोजीं, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.